कोंड्यासकट

अयोध्याची लहानगी पोर तेरला, अयोध्याच्या सासरी, आणि ती स्वतः ईटला माहेरी. तापानं फणफणलेल्या पोरीला घरातलं दूध पाजलं म्हणून सासूनं तिला चोर ठरवून बाहेर काढलं. पोर मात्र ठेवून घेतली. नवरा महारुद्र मेंढरं सोडायचं निमित्त करून तोंड फिरवून उभा राहिला होता.

अशी भांडणं नागूबाई मिटवायची. ती महारुद्राची आत्या, दिलेली ईटला. "काय सांगू त्याला?" म्हणायची, आणि अयोध्या तोंडाला येईल ते बोलायची. नागूबाई ते चाळून तेरला न्यायची. कोंडा तिच्या पोटात राही, पीठ तेवढं पुढं पोचे. तिकडून येतानाही तसंच. मोडायला आलेला हा संसार तिनं मागंही असाच सांधला होता.

निजामी गेल्यावर सरकारनं बायकांसाठी केंद्रं काढली. ईटच्या केंद्रावर चंद्रप्रभाबाई आल्या. पुण्यात शिकलेल्या, मनानं चांगल्या. त्यांनी महारुद्राला बोलावून नवराबायकोला समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं.

"आजी, तुम्ही बाहेर थांबा," त्या नागूबाईला म्हणाल्या. "संसार दोघांचा आहे. मधे तिसरं माणूस नको."

"मग बोलणं कोण नेणार?"

"न्यायचं कशाला? समोर तर बसलेत."

"बसल्यात खरं," म्हणत नागूबाई बाहेर गेली.

"अयोध्याबाई, मनात असेल ते मोकळेपणानं बोला."

अयोध्यानं नवऱ्याकडं पाहिलंच नाही. जमिनीकडं बघत ती बोलत गेली, नागूबाईपुढं बोलायची तशी. "आई चोर म्हणली, तवा जीभ झडली व्हती? मेंढरं राखून राखून मेंढरूच झालात. आईच्या पदराखालीच जल्म काढायचा व्हता, तर लगीन कशाला केलंत?"

मग ती एकदम थांबली. खोलीत चाळणारं कुणी नव्हतं.

महारुद्राचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. "परक्या बाईम्होरं?" तो म्हणाला. "आता पोरीची वाट बघू नगंस."

"जाऊ द्या त्यांना," बाई समाधानानं म्हणाल्या. "साचलेलं निघालं. आता हलकं वाटेल तुम्हाला."

नागूबाई तरीही तेरला जाऊन आली. ओट्यावर बसून बराच वेळ पायांची धूळ झटकत राहिली.

"आत्या, पोर?"

"बरी हाय. तुज्यावानीच दिसती."

"अन् ते?"

"पाणी दिलं मला. बस म्हणला."

अयोध्या पुढचं ऐकायला थांबली. पुढं काही नव्हतं. लग्नापासून ती हेच पीठ खात आली होती. एवढंसं पीठ निघालं, तर म्हातारीच्या पोटात कोंडा किती राहिला असेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.