मालक कोण, ते आधी ठरवा

मिस्त्रीची डावी मिशी ब्रशात गेली, एवढंच खरं तर झालं होतं. ब्रशच्या त्या कारखान्यात लाकडी पाठीतल्या भोकांमध्ये केसांचे झुपके ठोकणारं एक मशीन होतं आणि त्याच्या तोंडावर असायला हवी ती जाळी नव्हती. आवाज कसला येतोय म्हणून मिस्त्री खाली वाकला. मशीनने हे केस कुणाचे, ते केस कुणाचे, असा भेदभाव केला नाही. मिस्त्री वाचला, ओठही वाचला, पण अर्धी मिशी कपडे धुण्याच्या एका ब्रशात जाऊन बसली. इतकी पक्की बसली, की ओढूनही निघेना.

सुरक्षा निरीक्षकाने तो ब्रश जप्त केला आणि मालकांवर खटला भरला.

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मालक असणं ही त्यांची आयुष्यातली एकुलती एक हौस होती. दारावर पाटी, आत फिरती खुर्ची आणि गेटातून शिरताना सगळ्यांचं "नमस्कार मालक". यातलं काही गेलं तर मागे उरणार काय, हा विचारच त्यांना सोसत नसे. त्यात जाळीचं प्रकरण त्यांच्याच अंगाशी येणारं होतं. बायकोने जाळी बसवून घ्या म्हणून सांगितलं होतं आणि "जाळीने मशीनचा रुबाब जातो," असं म्हणून यांनीच ती उडवून लावली होती.

वकील घरचाच होता, बायकोचा धाकटा भाऊ. आपल्या माणसाने गुन्हा केला का, हे विचारणं त्याला असभ्यपणाचं वाटे. खटला नीट सुरू झाला का, एवढंच तो बघे आणि त्याच्या मते जगात कुठलाच खटला नीट सुरू झालेला नव्हता.

"साहेब, समन्स वॉचमनच्या खिशात घातलं," तो कोर्टात म्हणाला. "वॉचमन तेव्हा झोपलेला होता. झोपलेल्या माणसाला कागद पोहोचला असं धरता येत नाही."

"मग तुमचे अशील आज इथे कसे आले?" न्यायाधीशांनी विचारलं.

"रिक्षाने, साहेब."

"म्हणजे पोहोचला. पुढे बोला."

"निरीक्षक कारखान्यात शिरले तेव्हा त्यांच्याच डोक्यावर हेल्मेट नव्हतं. नियम मोडून पाहिलेलं पाहिलं असं धरता येत नाही."

"ब्रशात मिशी आहे का नाही?"

"ते फार पुढचं झालं, साहेब."

न्यायाधीशांनी दोन्ही हरकती फेटाळल्या. बाहेर व्हरांड्यात मेव्हण्याने मालकांना कोपऱ्यात घेतलं.

"दाजी, आता हुकमी पान. ज्याच्या शब्दावर कारखाना चालतो, खटला त्याच्यावरच भरावा लागतो. तुम्ही तो माणूस नाहीच, असं म्हणू."

"मी नाही? मग कोण?"

"ताई. नुसतं म्हणायचं हो, कोर्टापुरतं."

"अरे, पण कोणाला पटेल का हे?" मालक कळवळून म्हणाले.

"तेच बघायचंय."

साक्षी सुरू झाल्या. पहिला आला मिस्त्री. उरलेली अर्धी मिशी त्याने काढली नव्हती, कारण पुराव्याला हात लावू नका, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"कामाचं तुम्ही मालकांना विचारता का?" मेव्हण्याने विचारलं.

"विचारतो ना, साहेब. रोज विचारतो. मग बाईंना विचारतो आणि त्या सांगतील ते करतो."

भांडारवाला म्हणाला, "मालक काही सांगायला लागले की मी मान हलवतो. मान हलवायची, असं बाईंनीच सांगून ठेवलंय."

वॉचमन त्या दिवशी चांगला जागा होता. "मालक आले की मी शिट्टी वाजवतो, म्हणजे आत सगळे उठून उभे राहतात. तेही बाईंनीच लावून दिलंय."

"आणि बाई आल्या की?"

"तेव्हा कोण उठणार, साहेब? कामं चालू असतात."

मालक मेव्हण्याच्या कानाला लागले. "काय पढवलंयस रे एकेकाला! मलासुद्धा खरं वाटायला लागलं."

मेव्हण्याने खाली मान घातली. "दाजी, मी यांच्यातल्या एकालाही भेटलेलो नाही."

मालक सुटले. न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडलं आणि तसं लिहूनही दिलं. दारात मिस्त्रीने हात जोडले, "सुटलात, मालक!" मग जीभ चावून तो म्हणाला, "म्हणजे, सुटलात." मालकांना इतकं वाईट वाटलं, की त्यापेक्षा तुरुंग बरा असं त्यांच्या मनात आलं.

निरीक्षकाने लगेच नवा खटला भरला, बाईंवर. पहिल्याच तारखेला बाई साध्या साडीत, शांतपणे उभ्या राहिल्या. मालकांना मात्र ते बघवेना. चूक आपली आणि तिथे उभी ही! ते ताडकन उठले.

"साहेब, मालक मी आहे! जाळी नको असं मीच म्हणालो! शिक्षा मला करा!"

"तुम्ही मालक नाही, हे तुमच्याच वकिलाने सिद्ध केलंय," न्यायाधीश म्हणाले. "त्याच गुन्ह्यासाठी तुमच्यावर पुन्हा खटला चालत नाही. खाली बसा."

"हरकत आहे, साहेब!" मेव्हणा उसळला. "हा खटला चुकीच्या माणसावर..."

"तू बस रे," त्याची ताई म्हणाली आणि तो बसला. "साहेब, मला गुन्हा कबूल आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, तिथे सगळं तुमच्या शब्दाने चालतं. मग जाळी नको, एवढं एकच यांचं कसं ऐकलंत?"

बाईंनी एकदा मालकांकडे पाहिलं. "चुकलंच माझं. पण साहेब, एकही गोष्ट ऐकली नसती, तर यांना कळलं असतं."

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले, मिस्त्री अर्ध्या मिशीत हसला. मालकांना हसू आलं नाही. इतकी वर्षं ही बाई आपल्याला सांभाळत होती आणि आपण खुर्चीत बसून गोल फिरत होतो, हे त्यांना एकदम समजलं. त्यांना लाज वाटली आणि तिच्याबद्दल फार माया वाटली.

दंड भरून दोघं बाहेर आले. बाई म्हणाल्या, "चला, जाताजाता जाळीवाल्याकडे जाऊ. कशी घ्यायची, ते तुम्ही सांगा."

मालकांनी सवयीने सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मिस्त्रीला विचारू या," ते म्हणाले. "तोंड त्याचं जातं तिथे."