रिकामीचा रकाना

चव्वेचाळिसाव्या वर्षी पाठीला दप्तर लावायचं म्हणजे गंमतच. पण हडपसरच्या ज्या इस्पितळात भाग्यश्रीची हयात गेली, त्याच्या ट्रस्टींनी तिला मनुष्यबळ नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला घातलं आणि दर शनिवारी ती कोथरूडला पहिल्या बाकावर बसू लागली. शिकवणारे आमोद सर तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी ती त्यांना बिचकून असे.

प्रकल्पासाठी तिने स्वतःच्याच इस्पितळाचा ड्यूटीचा तक्ता घेतला. कोणाला किती काम, सगळं सूत्रात बसवलं आणि घबाड हाती लागलं. तक्त्यात शेवटचा रकाना होता 'रिकामी'. दर पाळीला एका आयाबाईचं नाव त्यात, आणि नावापुढे काम शून्य! वासंतीबाई हेडसिस्टर असल्यापासूनची ही रीत. त्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी रकाना कोणी पुसला नव्हता. भाग्यश्रीची नोकरी आधी ऑपरेशन थिएटरात आणि मग ऑफिसात गेलेली, वॉर्डातल्या रीतीभाती तिला कुठून ठाऊक असणार? तीन पाळ्यांच्या तिघी आणि एक बदलीची, अशा चार जागा जास्तीच्या, असं तिने लिहून टाकलं. ट्रस्टी या अहवालाची वाटच बघत होते. त्या चौघींत वेणूबाईही होती, येता-जाता 'जेवलीस का गं' विचारणारी. भाग्यश्रीला वाईट वाटलं, पण आकड्यांपुढे ती तरी काय करणार?

अहवाल द्यायच्या शनिवारी ती आधी वासंतीबाईंकडे गेली. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच गेली. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"छान. शुद्धलेखनाची चूक एकही नाही," त्या म्हणाल्या.

पुण्यात बावीस वर्षं काढल्यावर एवढं कळायला लागतं. भाग्यश्री गोरीमोरी झाली. "काय चुकलं, बाई?"

बाईंनी कपाटातून त्यांची जुनी कच्ची वही काढून तिच्यापुढे ठेवली. "तू आलीस तो आठवडा काढ."

पानं उलटता उलटता भाग्यश्रीला तो मार्च आठवला. परभणीहून आलेली बावीस वर्षांची पोर. तिसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून घरी फोन केला, आईचा आवाज ऐकला आणि तिचा धीरच सुटला. होस्टेलवर येऊन तिने बॅग भरली. संध्याकाळची एसटी गाठायची होती. तेवढ्यात यमुनाबाई आयाबाई खोलीत आली आणि काही न विचारता खाटेवर बसली. तिने भाग्यश्रीच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, फडक्यातली बेसन-भाकरी पुढे केली. "जायचं तर जा पोरी, पर उपाशी जाऊ नगं." भाकरी संपेपर्यंत गाडी निघून गेली. यमुनाबाई जाऊनही आता सहा वर्षं झाली, पण तेलाचा तो वास भाग्यश्री अजून विसरलेली नाही.

पान सापडलं. दुपार पाळी. रिकामी : यमुनाबाई. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'परभणीची पोर बॅग भरते आहे. तिच्यापाशी.'

भाग्यश्रीला आधी लागलंच. इतकी वर्षं उराशी धरलेली माया म्हणजे नेमून दिलेलं काम?

"म्हणजे बाई, ती ड्यूटीवर होती?"

"माया तिचीच होती. वेळ मी दिला होता," वासंतीबाई म्हणाल्या. "सगळ्यांचेच हात कामात अडकवले, तर रडणाऱ्यापाशी बसायला कोण उरतं? पेशंट असो की पोरगी."

भाग्यश्रीने बाईंना वाकून नमस्कार केला. वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून तिने 'जास्तीच्या' या शब्दावर काट मारली आणि चारही जागा अहवालाच्या तक्त्यात परत घेतल्या. त्या तक्त्यात प्रत्येक जागेपुढे, तिच्यातून काय साधलं, हे 'निष्पत्ती' म्हणून लिहावं लागे.

आमोद सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "मॅडम, या चार जागांची निष्पत्ती कोरी आहे. ट्रस्टी हेच विचारतील."

भाग्यश्रीने अहवाल ओढून घेतला आणि पेनाने लिहिलं, 'एक कर्मचारी बावीस वर्षं टिकली.'

"पुरावा?" सरांनी विचारलं.

तिने खाली आपली सही केली.