शाळेसमोरचा हिरवा पट्टा

नकाशावर शाळेसमोरचा रस्ता हिरवागार दिसला आणि शास्त्रज्ञबाईला खटकलं. हिरवा म्हणजे निर्धोक. पण अणुभट्टीतल्या अपघातानंतर वरच्या वस्तीतली सगळी किरणोत्सारी धूळ पावसाने वाहून उताराला आली होती, आणि उताराच्या टोकाला तर ही शाळा.

"काका, शाळेपाशी गाडी कितीवर होती?"

ड्रायव्हरकाकांनी मान खाजवली. "जरा पळवली. धोक्याचा बझर कोकलायला लागला ना! यंत्राचं सोडा, पण लेकीसारख्या तुम्ही मागे बसलेल्या. बझर वाजला की मी नेहमीच पळवतो."

"नेहमीच?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीच्या छतावरचं यंत्र दर सेकंदाला किरणोत्साराचा एक आकडा टिपतं. गाडी रांगत गेली तर तो आकडा दोन पावलांच्या जमिनीचा. पळवली तर त्यात पुढची-मागची स्वच्छ जमीन मिसळते आणि विष पातळ दिसतं. म्हणजे जिथे जिथे धोका, तिथे तिथे काकांच्या मायेने हिरवा रंग फासला होता. आणि तिने स्वतः वेगाचा रकाना एकदाही तपासला नव्हता.

"फिरवा गाडी. मुंगीच्या पावलांनी."

या वेळी फाटकाजवळ बझर थांबेचना. पडद्यावर लाल ठिपके उमटले. उद्या शाळा उघडणार होती. तिची भाची इथेच पहिलीत होती.

तिने साहेबांना फोन लावून नकाशा चुकल्याचं सांगितलं.

"नकाशा वर गेला, बाई. उद्या पाहुणे येतायत. दुरुस्ती पुढच्या फेरीत बघू."

"पुढच्या फेरीला पोरंही नवीन आणायची का?"

"आवाज खाली!"

तिने फोनच बंद केला.

सकाळी गाडी फाटकाला आडवी उभी होती, बझर कानठळ्या बसवत होता. आईबाप लांबच थबकले. तिची बहीण लेकीला कडेवर घेऊन उलट्या पावली मागे सरली.

साहेब तणतणत आले. "ए ड्रायव्हर, गाडी काढ!"

काकांनी किल्ली खिशात टाकली. "बझर वाजतोय, साहेब. आज नाही पळवणार."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने बझर आणखी मोठा केला. काकांकडे मात्र तिने पाहिलं नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता. गुडघ्यावरच्या नकाशात कितीतरी रस्ते हिरवे होते.