अहवालाची पुढची ओळ

शनिवारी सकाळी गोडदेव भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आंबोळ्या होत होत्या. तव्याशी सुरुची. परवा डोक्याला जेल आणि तारा लावून मेंदूचा आलेख काढला, त्या जेलचे पापुद्रे अजून केसांत होते.

लेक सान्वी दोन वर्षांची झाली, तरी बाळंतपणानंतर सुरुचीच्या मनावर बसलेलं मळभ हटत नव्हतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि आठवड्याने हा आलेख काढायला सांगितला. ही गोळी हिला लागू पडेल का, याचा अंदाज लवकर यावा, उगीच महिने वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी.

बाहेर नवऱ्याचे काका, ज्यांना सगळे दाजी म्हणत, त्या आलेखाचा अहवाल घेऊन बसले होते. या घरात शब्द त्यांचाच. का, ते कुणी कधी विचारलंच नाही.

"'प्रतिसादाची शक्यता कमी'. संपलं. ही काय सुधरत नाय आता. माहेरी पाठवा, आराम करू दे."

आराम म्हणे! मोठी जाऊ संजना अशीच चिपळूणला माहेरी आरामाला गेली, त्याला सहा वर्षं झाली. इथेच ठेवून घेतलेला तिचा मुलगा आता तिला मावशी म्हणतो. शेजाऱ्यांनी विचारलं तर घरचे सांगतात, तिला गावचं हवापाणी मानवतं.

सासूबाईंनी म्हणजे शैलाबाईंनी सुरुचीची बॅग भरलीसुद्धा होती. त्यात सान्वीचा एकही फ्रॉक नव्हता.

"आई, सान्वीचे कपडे?"

"ती राहील माझ्याकडे. वेड्या माणसाजवळ पोर ठेवायचं काय?"

सुरुचीच्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षांत तिला धड रागही आला नव्हता. गॅस बंद करून ती बाहेर आली. नवरा अभिनव मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. हा बँकेत दिवसभर परक्यांचे कागद ओळ न ओळ तपासतो, आणि बायकोच्या कागदाची पुढची ओळ वाचायला याला सवड नव्हती.

"अभिनव, पुढचं वाच. मोठ्यानं."

तो दाजींकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे नको बघूस. डोकं माझं मोजलंय."

त्याने वाचलं, "'हे फक्त सध्याच्या औषधापुरते असून केवळ अंदाज आहे. औषध बदलण्याचा विचार व्हावा.'"

"कागदात काय, काहीपण लिहितात," दाजी म्हणाले.

"मघाशी त्याच कागदाच्या जोरावर माझी मुलगी काढून घेत होतात ना तुम्ही?"

तिने बॅग सोफ्यावर उलटी केली, फाइल उचलली, सान्वीला कडेवर घेतलं.

"औषध बदलून घ्यायला जातेय. दुपारी इथेच येणार, माझ्या घरी. कुलूप दिसलं तर पोलिसांना घेऊन येईन."

नवं औषध लागू पडेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. पण शैलाबाईंच्या गुडघ्याला पहिली गोळी लागू पडली नाही, तेव्हा याच घराने तीन डॉक्टर बदलले होते. त्यांची बॅग भरायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सुनेसाठी तुम्ही किती डॉक्टर बदलाल, वाचकहो?