टँकविरोधी उपाय

भालचंद्र नेरुरकरांनी खराखुरा रणगाडा आयुष्यात एकदाच पाहिला होता. ऑफिसच्या सहलीत, नगरच्या संग्रहालयात. त्याच्या तोफेवर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला, आणि बाकीची मंडळी शिर्डीला गेली तरी ते एकटे दिवसभर तिथेच फिरत राहिले. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पुढे जगातल्या तमाम सैन्यांना सल्ले दिले.

नोकरी विमा कंपनीत, जहाजावर भिजलेल्या मालाचे दावे तपासण्याची. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला युद्धतज्ज्ञ म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं. गोखिवऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टपाशी नेरुरकर उभे दिसले की लोक गुडघेदुखी विसरून जिना चढत. लिफ्टमध्ये शिरलं, तर गुळगुळीत नळीची तोफ बरी की आतून आटे पाडलेली, याचा निकाल ऐकल्याशिवाय सुटका नसे.

जगात कुठेही लढाई पेटली की टीव्हीवर जळणारे रणगाडे दिसत, आणि कुणीतरी निवेदक जाहीर करी की खांद्यावरून सोडायच्या क्षेपणास्त्राने रणगाड्याचा जमाना संपवला. नेरुरकरांना तो घरच्या माणसाचा अपमान वाटे. क्षेपणास्त्र लांबून मारतं, हवेत वळतं, अलीकडे तर वरून झेप घेऊन थेट छतावर पडतं, हे त्यांना मान्य होतं. पण तोफेचा गोळा सेकंदाला दीड किलोमीटर कापतो, तो वाटेत अडवणं सोपं नाही, आणि जिंकलेल्या जमिनीवर उभं राहायला शेवटी रणगाडाच लागतो, असं ते सांगत. म्हणणं वाईट नव्हतं. आशालताबाईंनी मात्र संसाराच्या सुरुवातीलाच “मला सगळं पटलंय” असं सांगून हा विषय घरापुरता मिटवून टाकला होता.

नेरुरकरांना आता एकच हवं होतं. भरलेलं सभागृह. आपण बोलतोय आणि माणसं खुर्च्यांवरून पुढे सरकून ऐकतायत, हे एकदा बघायचं होतं.

नाक्यावरचं सभागृह मितेश शेठचं. परिसरातले पाण्याचे निम्मे टँकरही मितेश शेठचेच. त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून त्याने नागरिक मंच काढला होता, आणि मंचाला व्याख्यानांसाठी विषय हवे होते. रस्ते, गटारं आणि पाणी सोडून कुठलेही. नेरुरकरांचा विषय त्याला एकदम पसंत पडला. लढाईत नळ नसतो. तो म्हणाला, “काका, पब्लिक आणा. हॉल भरला तर दर महिन्याचा पहिला रविवार तुमचा. नाही भरला, तर तो दिवस झुंबावाल्यांना देऊन टाकतो.”

व्याख्यानाचं नाव नेरुरकरांनी आठवडाभर विचार करून ठरवलं: ‘आधुनिक सैन्यांतील रणगाड्याच्या तोफा आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे’. मंचाचा चिटणीस लेस्ली, जो एका शाळेत इंग्रजी शिकवायचा, त्याने फ्लेक्स करायला घेतला आणि अडचण आली. नाव मावेना. नाव मावायचं तर मितेश शेठचा फोटो लहान करावा लागत होता, आणि मितेश शेठचा फोटो लहान करणं हे कुणाच्याच हातात नव्हतं. लेस्लीने नाव लहान केलं: ‘टँकविरोधी उपाय’. खाली ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणून नेरुरकर, तिकिटाएवढ्या फोटोत. नेरुरकरांनी विचार केला, लष्करातले लोकही टँकच म्हणतात. आणि परवानगी दिली. मितेश शेठने आपला फोटो पाहिला, तो चांगला आला होता, आणि परवानगी दिली.

या तिघांपैकी एकालाही जे सुचलं नाही, ते नाक्यावरच्या कुठल्याही बाईला सुचलं असतं. गोखिवऱ्यात टँकरचा ‘र’ कुणी उच्चारत नाही. मार्च लागला की सकाळी पहिला प्रश्न असतो, “टँक आला का?” संध्याकाळचा असतो, “टँक गेला का?” त्या गावात, भर एप्रिलमध्ये, चौकाचौकांत फ्लेक्स लागले: टँकविरोधी उपाय, प्रवेश विनामूल्य.

रविवारी संध्याकाळी नेरुरकर सदरा घालून सभागृहात शिरले आणि दारातच थबकले. खुर्च्या भरल्या होत्या. भिंतीला टेकून माणसं उभी होती. गावातल्या बायका तर व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत येऊन बसल्या होत्या. क्षेपणास्त्रांविषयी स्त्रियांमध्ये इतकी जिज्ञासा आहे हे नेरुरकरांना ठाऊक नव्हतं. आपण उगाच देशाला नावं ठेवत आलो, असं त्यांना वाटून गेलं. पहिल्या रांगेत मितेश शेठ. गर्दी पाहून त्याने काकांना अंगठा उंचावून शाबासकी दिली. त्याच्या शेजारी, नवऱ्याच्या व्याख्यानाला यावंच लागतं म्हणून आलेल्या आशालताबाई.

नेरुरकर उभे राहिले. आवाज सुरुवातीला चिरकला, मग सापडला.

“टँकला समोरून भिडू नका,” ते म्हणाले. “समोरचं कवच सर्वांत जाड असतं. जो समोरून भिडला, तो फुकट गेला.”

टाळ्या पडल्या. पहिल्याच वाक्याला. नेरुरकरांना हुरूप आला. त्यांनी पुढे सांगितलं की टँक एकटा कधीच नसतो, त्याच्यामागे मोठी यंत्रणा असते: इंधन पुरवणारे, रस्ता मोकळा करून देणारे, आधी जाऊन बातमी आणणारे. हॉलभर माना डोलल्या. कुणीतरी मागून “अगदी बरोबर” म्हणालं. मग त्यांनी सांगितलं की अलीकडचा खरा मार्ग वरून घाव घालण्याचा आहे, कारण वरची बाजू नाजूक. एका गृहस्थाने हात वर करून विचारलं, वरून म्हणजे मंत्रालयातून की कोर्टातून? नेरुरकरांना प्रश्न नीट ऐकू आला नाही. त्यांनी हसून म्हटलं, जितकं वरून तितकं उत्तम. पुन्हा टाळ्या. मितेश शेठच्या कपाळावर एक आठी उमटली आणि तिथेच राहिली.

पायरीवर बसलेल्या मालनताई उठल्या. जुन्या गोखिवऱ्यातल्या, भातशेती विकून झालेल्या इमारतींच्या मधोमध अजून बैठं घर राखून असलेल्या. त्यांनी पदर खोचला.

“सायेब, समोरून नाय भिडायचा, ता समाजला. मंग कंच्या बाजून?”

“मागून,” नेरुरकर म्हणाले. असा मुद्देसूद प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. “मागे इंजिन असतं. तिथलं कवच पातळ.”

“मागं कसला इंजन? मागं ता पानी सोडाचा कॉक हाय.”

हॉल हसला. नेरुरकरही हसले, आणि हसता हसता त्यांना कळलं. त्यांनी समोरच्या बायकांकडे पाहिलं, भिंतीवरच्या फ्लेक्सकडे पाहिलं, मितेश शेठच्या आठीकडे पाहिलं. विमा कंपनीत भिजलेल्या मालाची पेटी बंद करावी, तसे त्यांनी हातातले कागद मिटले.

खरं सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की हॉल रिकामा, आणि रिकामा हॉल म्हणजे झुंबा. न बोलावं, तर हॉलचा मालक समोर बसलेला. नेरुरकरांनी मग तेच केलं, जे आपल्याकडचे पुष्कळ तज्ज्ञ करतात. ते दोन्ही बाजूंना चालेल असं बोलू लागले. ‘रणगाडा’ हा शब्द त्यांनी गाळला. ‘लष्कर’ गाळलं, ‘शत्रू’ गाळला, ‘क्षेपणास्त्र’ म्हणायचं तिथे ‘प्रभावी साधन’ म्हणाले. जो माणूस चाळीस वर्षं रणगाड्याशिवाय दुसरं काही बोलला नाही, तो बराच वेळ रणगाडा वगळून रणगाड्यावर बोलत राहिला. “हे जे अवजड वाहन आहे,” असं म्हणून ते मितेश शेठकडे बघून गोड हसत, आणि “त्याच्या मर्यादा आपण ओळखल्या पाहिजेत,” असं म्हणून बायकांकडे. टाळ्या चालूच होत्या. लाज वाटत होती, पण टाळ्यांचा आवाज मोठा होता.

आशालताबाईंनी तेवढ्यात पर्समधून रुमाल काढून तोंडावर धरला. त्या रडत नव्हत्या.

मालनताई पुन्हा उठल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. साहेबांनी सांगितलेलं सगळ्यांना पटलं आहे. आपल्या विहिरी उपसून आपल्यालाच पाणी विकतात, ते बंद झालं पाहिजे. उद्या सकाळी सगळ्या बायका नाक्यावर बसणार, टँक सोडायचा नाही. समोरून नाही, मागून, साहेबांनी सांगितलं तसंच, कॉकपाशी.

“तुमी येवाचा, सायेब. पुढं उभं नाय ऱ्हायलात तरी चालंल. मागं ऱ्हावा. पन या.”

सगळा हॉल खुर्च्यांवरून पुढे सरकून उत्तराची वाट पाहत होता. नेरुरकरांनी जन्मभर जे चित्र डोळ्यांपुढे आणलं होतं, ते हुबेहूब समोर होतं. मितेश शेठने फक्त घड्याळाचा पट्टा सैल केला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“काहीतरी गैरसमज होतोय,” नेरुरकर म्हणाले. “मी सैन्याच्या रणगाड्यांबद्दल बोलत होतो. आपल्या पाण्याशी याचा काही संबंध नाही. मितेशभाईंच्या सेवेबद्दल तर मला आदरच आहे.”

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं.

कुणी ओरडलं नाही. गृहस्थ खुर्च्या सरकवून उठले, बायकांनी साड्या झटकल्या. मालनताई मात्र जागेवरून हलल्या नाहीत. त्यांना बहुधा खरंच समजून घ्यायचं होतं.

“म्हंजे तू कदी लढाईत व्हतास?” त्यांनी विचारलं. ‘सायेब’ आणि ‘तुमी’ दोन्ही एका दमात गेलं.

“प्रत्यक्ष नाही,” नेरुरकर म्हणाले.

“मंग ठीक हाय,” मालनताई म्हणाल्या आणि निघाल्या.

हॉलमध्ये मितेश शेठ, लेस्ली, आशालताबाई आणि पंखे उरले. मितेश शेठची आठी गेली होती. त्याने नेरुरकरांच्या खांद्यावर शाल घातली, श्रीफळ दिलं आणि मोकळ्या मनाने कबूल केलं की असा वक्ता आपण पाहिला नाही. लोकांना तापवून जमा करणारे ढिगाने मिळतात. त्यांना थंड करून घरी पाठवणारा हा पहिलाच. पहिला रविवार पक्का. नेरुरकरांनी पुढच्या वेळी पाणबुड्यांवर बोलू का, असं विचारलं. मितेश शेठने क्षणभर विचार केला.

“नको काका. त्यात पाणी येतं.”

घरी परतताना आशालताबाई जिन्यात एकदाच म्हणाल्या, “मितेशभाईंची सेवा,” आणि पुढे चढत गेल्या. लिफ्ट चालू होती.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बायका बसल्या. पोलीस आले, पाण्याचे दोन टँकर तिथेच रिते झाले, पेपरात फोटो आला. कॉकपाशी उभ्या मालनताई त्यात ठसठशीत दिसत होत्या. नेरुरकरांनी तो पेपर परस्पर रद्दीत टाकला.

पुढच्या महिन्यात गावातलं एकही माणूस व्याख्यानाला आलं नाही. तरी हॉल भरला, कारण मितेश शेठ शब्दाचा पक्का. त्याने आपले ड्रायव्हर आणि क्लीनर आणून बसवले. हजेरी लागणार होती. नेरुरकर कवचावर बोलले, तोफेच्या नळीवर बोलले, रणगाड्याच्या तोफेतूनच क्षेपणास्त्र कसं सोडतात हे हातवारे करून सांगितलं. या वेळी त्यांनी ‘रणगाडा’ हा शब्द पोटभर वापरला. अर्धा हॉल घोरत होता. शेवटी त्यांनी, काही शंका, असं विचारलं आणि उत्तराची अपेक्षा न करता कागद गोळा करू लागले.

मागच्या रांगेतल्या एका ड्रायव्हरने हात वर केला. रणगाडा ॲव्हरेज किती देतो?

नेरुरकर उजळले. त्यांनी सांगितलं की हिशेब उलटा करावा लागतो. एका किलोमीटरला काही लिटर जातात, वाळूत त्याहूनही जास्त.

“आपली गाडी बरी मग,” ड्रायव्हर शेजाऱ्याला म्हणाला.

“उत्तम प्रश्न,” नेरुरकर म्हणाले, आणि कागद पुन्हा उलगडून इंजिनावर बोलायला लागले.