गेशेनं पाय काढला

त्या बंदरगावात रीतच होती, की जो चर्चच्या ऑर्गनची खुर्ची घेईल त्यानं जुन्या वादकाची मुलगीही करायची. मुलीला कुणी विचारत नसे. म्हणून वादकाच्या पस्तिशीच्या मुलीनं, गेशेनं, दोन उमेदवार आपणच पळवून लावले होते. ऑर्गनमागच्या खोलीत भाते तुडवून वारा भरायची ती! पहिला ऐन रंगात आला आणि हिनं भात्यावरून पाय काढला. ऑर्गन असा रेकला, की छपरावरचे पक्षी उडाले ते थेट स्वीडनला जाऊन टेकले. दुसरा तर केसांचा टोप टाकून पळाला. त्यात पुढे मांजर व्यायली.

"आज खोडी नको गं," बाबा म्हणाले. "खुद्द राणीसाहेब बसल्यात. आजही कुणी नेमला नाही, तर चर्चनं दिलेलं घर सोडावं लागेल आपल्याला."

"तुमचं घर जाईल बाबा. माझी तर मीच जाईन."

तेवढ्यात नवा उमेदवार मेल्खियोर भात्यांच्या अंधाऱ्या खोलीत डोकावला. "काय रे, दमलास तर सांग हं."

"रे नाही. आणि मी दमत नाही, दमवते."

तो हसला. "मग जपून वाजवायला हवं."

राणीनं सहा सुरांची एक चाल गुणगुणली. "याचं काय करायचं ते आत्ता, इथंच करा. लिहून आणलेलं नको."

मेल्खियोर वाजवू लागला. चाल वर चढली, वळली, स्वतःलाच भेटली. छान होतं, पण छान वाजवतो म्हणून काय अख्खा जन्म त्याच्या हवाली करायचा? गेशेनं पाय काढला.

मोठे सूर धापा टाकू लागले. मेल्खियोरनं एकेक बोट उचललं, एका बारक्या नळीवर ती चाल हळूहळू नेली आणि तिथं तीही सोडली. शांतता. आता हा भिंतीवर काठी आपटेल, असं गेशेला वाटलं. बाबा वीस वर्षं तेच करत आले होते. तिनं फटीतून पाहिलं. हात गुडघ्यांवर ठेवून, तिच्या भिंतीकडे कान देऊन तो नुसता थांबला होता.

आजवर तिच्यासाठी कुणी थांबलंच नव्हतं.

गेशे भात्यावर चढली. चाल तिच्या पावलांवर पुढे निघाली. ती रमतगमत चालली तर तोही रमतगमत, ती धावली तर तोही धावला. शेवटी शेवटी तर कोण कुणाला वाजवतंय, देवालाही कळलं नसेल.

"ती मधली शांतता कुठं शिकलात?" राणीनं विचारलं.

"माझी नाही ती. भात्यांवर आहेत, त्यांची."

धुळीनं माखलेली, घागरा खोचलेली गेशे बाहेर आली. राणीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खुर्ची याची झाली. आता रीतीप्रमाणे तूही."

"खुर्ची द्या त्यांना, राणीसाहेब. माझं मी अजून ठरवलेलं नाही."

बाबांनी डोळे मिटून घेतले. राणीनं पंखा थांबवला. "असं? आणि कधी ठरणार?"

गेशेनं मेल्खियोरकडे पाहिलं. त्यानं हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.