डेव्हनी घराण्याचं पहिलं वाक्य

डेव्हनी घराणं मूळचं डब्लिनचं. तिथे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या बंदुका बनवत.

हे प्रफुल्लनं वॉल्टरनं सांगितलं तसं लिहिलं. वॉल्टर डेव्हनी, वय चौऱ्याऐंशी, मूलबाळ नाही. अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, प्रफुल्ल मेश्रामच्या शेजारचं घर त्याचं. महिनाअखेरीला तो वृद्धाश्रमात जाणार होता. तिथे बंदूक ठेवू देत नाहीत, पूर्वजानं घडवलेली, अडीचशे वर्षांची असली तरी. म्हणून ती गावातल्या संग्रहालयाला द्यायची, आणि सोबत एक पान: घराण्याचा सुरुवातीचा इतिहास.

"तू लिही, प्रफ. माझे हात थरथरतात. आणि तुला वेळच वेळ आहे."

खरं होतं. प्रफुल्ल निवृत्त झाला, बायको वीणा गेली, आणि त्याच्याशी रोज बोलणारं माणूस एकच उरलं. रविवारी दोघं वॉल्टरच्या स्वयंपाकघरात बसून सूप पीत. वॉल्टरला त्यात मीठ कमी वाटे, प्रफुल्लला तिखट. मधे बंदूक ठेवलेली असे, तिसऱ्या पाहुण्यासारखी.

पुन्हा सुरुवात.

पहिला ज्ञात कारागीर जेम्स डेव्हनी. त्याचे वडील

इथे अडलं. बाप सापडेना. डब्लिनच्या दफ्तरखान्याला विचारून तिथले जुने बंदूकवाले पाहून झाले, नळ्या करणारे पाहून झाले, चाप करणारे पाहून झाले. लोहारसुद्धा. जेम्सच्या आधीचा डेव्हनी कुठेच नाही. बाहेर बर्फ पडत होता आणि वाक्य तिथेच उभं.

मुलीचा, आरोहीचा, अर्विंगहून फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. एक बाप सापडत नाहीये."

"कुणाचा?"

सांगितलं. लोहारांपर्यंतचं सगळं.

"पण लोहारच का?"

"अगं, मुलगा बंदुका करायचा म्हणजे बाप..."

"आजोबा काय करायचे?"

"तुला माहीत आहे. भंडाऱ्याला बिड्या वळायचे."

"मग तुमचा बिडीचा कारखाना कुठाय? बाबा, सीरियसली? तुम्ही? दर चौदा एप्रिलला आम्हाला लेक्चर देणारे तुम्ही बापाच्या धंद्यावरून माणूस शोधताय?"

ती हसत होती. त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले.

"चिडलात का? यार बाबा, गंमत केली. चला, मीटिंग आहे, ठेवते."

फोन ठेवला. मग डब्लिनच्या दफ्तरखान्यातल्या बाईंना नवा ईमेल लिहिला. या वेळी धंदा लिहिला नाही. फक्त नाव आणि अंदाजे साल.

उत्तर आलं. जेम्स हे अनाथालयाच्या दारात सापडलेलं मूल. आडनाव तिथेच दिलेलं. मोठा झाल्यावर एका बंदूकवाल्याकडे शिकायला ठेवलेला.

डेव्हनी घराणं जेम्सपासून सुरू होतं. त्याआधी कोणी नाही. त्यानं हे काम वारशानं घेतलं नाही, शिकून घेतलं.

फार दिवसांनी प्रफुल्ल स्वतःवर खूश झाला. बूट नीट न बांधताच तो पलीकडे गेला. वॉल्टरलाही आनंद होईल असं त्यानं धरूनच चाललं होतं.

वॉल्टरनं चष्मा लावून वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे त्याच्यामागे कोणी नाही."

"नाही."

"माझ्यापुढेही नाही." त्यानं पान परत सरकवलं. "ते पिढ्यान्‌पिढ्या परत घाल. कोण तपासायला येतंय?"

"मला तसं लिहिता येणार नाही, वॉल्टर."

"का?"

"आमच्याकडे आडनाव ऐकून लोक बापाचा धंदा ठरवतात. आणि मग मुलाचाही. मला हा जेम्स आवडला."

"तुला तिथून निघायचं होतं. निघालास. मला कुठे निघायचंय?"

 प्रफुल्लला दिसलं की हा माणूस रोज रात्री एकटा जेवत नव्हता. त्याच्या टेबलाभोवती पाच-सहा पिढ्यांचे बंदूकवाले बसलेले असत. आपण त्यांना उठवलं.

तरी वाक्य

तरी वाक्य बदललं नाही.

"मग खाली तुझं नाव घाल," वॉल्टर म्हणाला. "डेव्हनी कुटुंबाकडून, असं नको."

पुढच्या रविवारी प्रफुल्लनं दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. दार उघडलं नाही. नंतर वॉल्टरची भाची गाडी घेऊन आली. तिनं बंदूक संग्रहालयात पोचवली, मामाला वृद्धाश्रमात. वॉल्टरनं गाडीतून हात वर केला. निरोपाचा की उन्हासाठी डोळ्यांवर धरलेला, ते काचेतून कळलं नाही.

संग्रहालयाकडून आठवण करून देणारा ईमेल आला: पान अजून मिळालेलं नाही, लेखकाचं नाव आणि कुटुंबाशी नातं कळवावं.

प्रफुल्लनं नाव टाइप केलं. नात्यापाशी थांबला. मित्र लिहिलं, खोडलं. मग शेजारी असं लिहिलं आणि पान पाठवून दिलं.